आप्पा रिव्हॉल्व्हर बघायला जातात

आप्पांनी आयुष्यात एकही वस्तू कोरी घेतली नाही. भोसरीत त्यांचं वर्कशॉप होतं आणि तिथल्या ऑफिसात मी बिलं, चलनं, टपाल असं सगळं बघायचे. मला दिलेली खुर्ची बंद पडलेल्या एका थिएटरातली होती. मी उठले की सीट फटकन वर दुमडायची आणि समोर बसलेला पाहुणा दचकायचा. पंखा कुठल्याशा बँकेचा होता. टेबल शाळेचं, त्यावर कुणा पोरानं कर्कटकानं ‘गणित नको’ असं कोरून ठेवलेलं. त्याच टेबलावर मी जीएसटीचे हिशेब करत असे.

“नवी वस्तू म्हंजे काय राव?” आप्पा म्हणायचे. “न बघितलेलं स्थळ. खोक्यात लई देखणं दिसतं. गुण काय ते घरात आल्यावर कळतंय. जुन्या वस्तूनं तिची सगळी दुखणी पहिल्या मालकाकडं काढलेली असत्यात. आपल्याकडं येती ती लस टोचून येती.”

सगळ्यांना ते ‘राव’च म्हणत. मलाही. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, “आप्पा, मी बाई आहे.” ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “मग काय झालं राव?” विषय तिथंच मिटला.

माझी मुलाखतही याच हिशेबानं झाली होती. आधी कुठं काम केलंय, असं त्यांनी विचारलं. कुठंच नाही, पहिलीच नोकरी, असं मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा फाटकी नोट हातात आलेल्या दुकानदारासारखा झाला. मग वडील काय करतात म्हणून विचारलं. वडील पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर होते, नुकतेच रिटायर झाले होते आणि आमच्या वस्तीतल्या विहाराचं रंगकाम अंगावर घेऊन बसले होते. फिटर हा शब्द ऐकताच आप्पा खुलले. “म्हंजे माल नवा, पण ओतकाम जुनं हाय. उद्यापास्नं या.”

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक लांब स्क्रू ड्रायव्हर असायचा. त्याचं टोक मशिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. असं ऐकून ते कुठलं बेअरिंग कधी जाणार ते सांगत, आणि ते बहुतेक वेळा त्यांच्या सांगण्याआधीच गेलेलं असे. त्यांनी माझी स्कूटर ऐकली होती. ऑफिसातला पाण्याचा कूलर ऐकला होता. एकदा सारखा खोकणारा एक टेंपोवाला आला, तर त्याच्या पाठीला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि “बॉडी चांगली हाय, बिडी कमी कर” असं सांगून त्याला वाटेला लावलं. टेंपोवाल्यानं खरंच बिडी कमी केली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आप्पा मूळ चिखलीचे. गावात पिढ्यान् पिढ्यांचं घर, आणि चारी बाजूंनी उंच उंच सोसायट्या उगवलेल्या. त्या घरातही तीच तऱ्हा. फ्रिज एका हॉटेलातून आणलेला. मिक्सर त्यांच्या मेहुण्याचा. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मामी म्हणायचो. त्यांच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेला गेले होते तेव्हा मामींनी मला सगळं घर हिंडून दाखवलं. म्हणजे दाखवलं कमी आणि फिर्याद जास्त मांडली. शेवटी स्वयंपाकघरात उभं राहून म्हणाल्या, “या घरात कोरी आली ती एक मीच बघ. तेव्हापासनं दुसरं काय आलं न्हाई.”

आप्पा बाहेरून म्हणाले, “आन् तिचीच गॅरंटी कुणी दिली न्हवती.”

“आजून चालतीया का न्हाई?” मामींनी आतून उत्तर दिलं.

अशा माणसाच्या डोक्यात बंदूक घ्यायचं कसं आलं, ते सांगते.

आमच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. गुरुवारी तिथल्या रस्त्यांवर चिटपाखरू नसतं. आप्पा मात्र त्या दिवशी एकटेच येऊन मशिनशी गप्पा मारत बसायचे. अशाच एका गुरुवारी भर दुपारी दोन पोरं आत शिरली. हातात कोयते. वयानं मिसरूड फुटेल न फुटेल अशी. त्यांनी आप्पांना भिंतीशी उभं केलं, कोयत्याचं पातं गळ्याशी धरलं आणि पैसे मागितले. आप्पांच्या खिशात पैसे नव्हते. अंगावर सोनं नव्हतं. मोबाईल होता. बटणांचा, पाठीला रबरबँड लावलेला. एकानं तो उलटासुलटा करून बघितला आणि परत आप्पांच्या खिशात घातला. “ठेवा काका, तुम्हालाच लागंल.” जाताना पितळेच्या बुशांचं एक पोतं तेवढं घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी ही गोष्ट आम्हाला उभ्या उभ्या नक्कल करून सांगितली. “माझा मोबाईल चोरानं पास केला न्हाई राव! रिजेक्शन मारलं!” सगळं वर्कशॉप पोट धरून हसलं. मीही हसले.

मग संध्याकाळी एका शाफ्टचं माप घ्यायला त्यांनी मायक्रोमीटर हातात घेतला आणि खाली ठेवला. पुन्हा घेतला. पुन्हा ठेवला. मी चलनावर सही घ्यायला उभी होते. त्यांचा उजवा हात कापत होता. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, गार वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचा कापावा तसा. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. “म्हातारपण आलंय राव,” असं म्हणून त्यांनी हात खिशात घातला.

म्हातारपण असं एका गुरुवारात येत नाही. पुढे ते सुट्टीच्या दिवशी यायचे बंद झाले. दिवसाढवळ्या शटर अर्धं ओढून ठेवायला लागले. माल न्यायला आलेल्या माणसालाही वाकून आत यावं लागायचं. तो आत येऊन सरळ उभा राहीपर्यंत आप्पा त्याचे हात बघत राहायचे.

काही दिवसांनी ते म्हणाले, “लायसन काढायचंय. रिव्हॉल्व्हरचं.”

त्या लायसनची कहाणी मोठी आहे, ती गाळते. पोलीस आयुक्तालयात खेपा झाल्या. शेजाऱ्यांचे जबाब झाले. डॉक्टरांनी तपासलं. चांदमारीचं शिक्षण घ्यायला लागलं, तिथं आप्पांनी शिकवणाऱ्यालाच बंदुकीला तेल कुठं कमी पडतंय ते सांगितलं. शेवटी लायसन हातात आलं आणि खरा पेच तेव्हा सुरू झाला. ठरलेल्या मुदतीत हत्यार विकत घ्यायचं होतं. मग जुनं घ्यायचं की नवं?

तुम्ही म्हणाल, आप्पांना यात पेच कसला? पण या वेळी मामींनी पाय रोवला होता. “एक तरी वस्तू या घरात कोऱ्या खोक्यातनं येऊ द्या,” त्या म्हणाल्या. “मग ती बंदूक का आसंना. मी तिला हळदीकुंकू लावीन.”

पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानात आप्पा मला बरोबर घेऊन गेले. कागदपत्रं माझ्याकडे होती म्हणून, आणि “बाईमाणूस संगं आसलं की दुकानदार वैतागला तरी शिव्या देत न्हाई” म्हणून. दुकानदार सभ्य, मध्यमवयीन, आवाज न चढवणारा माणूस होता. त्यानं सरकारी कारखान्याचं नवं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर हिरव्या कापडावर ठेवलं. निळसर काळं, चकचकीत.

आप्पांनी पहिला प्रश्न टाकला, “पहिला मालक कोण?”

“साहेब, तुम्हीच.”

आप्पांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग धीर करून ते उचललं, रिकामंच होतं, चाप ओढून बघितला. “नव्या टेंपोच्या क्लचसारखा हाय. मांडीला गोळा यील.”

“वापरून सैल होतो. शिवाय पार्ट मिळतात, गॅरंटी आहे.”

“गॅरंटी देत्यात म्हंजे बिघडणार हे त्यांनाच ठावं हाय.”

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी फाईलमध्ये बघितलं.

“बरं, जुनं दाखवा,” आप्पा म्हणाले. “इलायती. आन् किंमत सांगताना जुनं हाय हे ध्यानात ठिवून सांगा.”

तेव्हा दुकानदारानं सांगितलं की जुनं विलायती नव्यापेक्षा महाग पडेल. आता ती बाहेरून येत नाहीत, जी आहेत तीच हातोहात फिरतात. आप्पांचा चेहरा मी आजही विसरले नाही. आयुष्यभर ज्या देवाला नारळ फोडला त्यानंच अंगठा दाखवावा, असा झाला होता.

“जुनं महाग?” त्यांनी दोनदा विचारलं.

“काम तसं आहे ना साहेब. चाप लोण्यासारखा. पण खरं सांगू? त्याची स्प्रिंग गेली तर मिळत नाही. लोखंडाला आतून चीर गेली असेल तर डोळ्यांना दिसत नाही. कमरेला लावून हिंडायचं असेल तर नवं घ्या. कपाटात ठेवून कधीमधी पुसायचं असेल तर जुनं.” मग तो म्हणाला, “माझ्याकडे आत्ता जुनं नाही. पण चिंचवडला एका घरी आहे. बाईंचा दोन-तीनदा फोन आला, विकायचंय म्हणून. बघून तरी या.”

म्हणून एका दुपारी माझ्या स्कूटरवरून आम्ही चिंचवडला, स्टेशनजवळच्या एका जुन्या सोसायटीत, रिव्हॉल्व्हर बघायला गेलो. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशात स्क्रू ड्रायव्हर, भिंग आणि बॅटरी. “स्थळ बघायला निघालोय, घरचे बी बघायला लागत्यात,” असं म्हणत त्यांनी बेल दाबली.

दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या काकूंनी. बारीक चणीच्या, नीटनेटक्या, आणि बोलायला लागल्या की आवाज आपोआप खाली नेणाऱ्या. आम्हाला बसवून त्यांनी आतल्या खोलीचं बंद दार दाखवलं. “झोपलेत,” म्हणाल्या.

त्यांचे यजमान एका मोठ्या कंपनीत सुरक्षा अधिकारी होते. रिव्हॉल्व्हर तेव्हापासूनचं. चांदमारीच्या मैदानाबाहेर कधी उडवलेलं नाही, महिन्यातून एकदा स्वतः तेलपाणी करायचे, इतकं जपलेलं. आप्पा खूश होऊन मान डोलावत होते. त्यांना हवं तसं स्थळ होतं. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “कधी पडलं-बिडलं, काय तरास दिला का?”

काकू जरा हसल्या. “त्याला काही झालं नाही हो. पण ते घरात आल्यापासून आम्ही दोघं मिळून कुठल्या लग्नाला गेलो नाही. एकानं जायचं, एकानं कपाटापाशी थांबायचं. निवडणूक आली की ते चौकीत जमा करायचं, तेवढ्या दिवसांत मी माहेरी जाऊन यायची.”

आप्पा स्क्रू ड्रायव्हर उगीच या बोटातून त्या बोटात फिरवत राहिले.

“आता ते विकायचंय,” काकू आणखी हळू आवाजात म्हणाल्या. “यांची आठवण जायला लागलीय. सकाळी ठीक असतात. कधी कधी मात्र मला ओळखत नाहीत. परवा मला म्हणाले, बाई, तुम्ही कोण, या घरात कशा शिरलात? आणि कपाटाची किल्ली यांच्या गळ्यात. आंघोळीलाही काढत नाहीत. मुलगा बंगळूरला असतो, तो फोनवर म्हणतो, गोड बोलून काढून घे.”

हे त्यांचं बोलणं संपायच्या आत आतलं दार उघडलं.

पांढरा बनियन, खाली कडक इस्त्रीची पँट, गळ्यात दोऱ्यात ओवलेली किल्ली. उंच माणूस, थोडा पुढे झुकलेला. उजव्या हातात रिव्हॉल्व्हर. ते आमच्याकडे रोखलेलं नव्हतं, पण खालीही नव्हतं. कधी आप्पांकडे, कधी माझ्याकडे, मधेच काकूंकडे असं फिरत होतं.

“किती जण आहात?” त्यांनी विचारलं. “आत कसे आलात?”

काकूंच्या तोंडून नुसतं “अहो” एवढंच आलं. ते ऐकून त्यांनी रिव्हॉल्व्हर काकूंकडे वळवलं. “तुम्ही गप्प बसा. दार तुम्हीच उघडलंत ना?”

मांडीवर फाईल धरून मी बसले होते. माझ्या डोक्यात एकच वेडा विचार होता की या फाईलीत आप्पांच्या लायसनची झेरॉक्स आहे, ती दाखवावी का. आप्पा माझ्या शेजारी. दोन पोरांच्या कोयत्यानं ज्याची झोप उडाली, शटर अर्धं झालं, तो माणूस. मला वाटलं, आता हे उठून पळतील नाहीतर काहीतरी ओरडतील, आणि काहीही केलं तरी वाईटच होईल.

आप्पा उठले नाहीत. बसल्या जागी म्हणाले, “साहेब, मी घाबरलोय.”

“काय?”

“लई घाबरलोय साहेब. आत्ता न्हाई, त्या दिसापासनं. दोन पोरं कोयतं घिऊन माझ्या वर्कशॉपात आली. गळ्याला पातं लावलं. त्याच्यावर मी हसतोय, सगळ्यांना हसवतोय, पण हात कापायचा ऱ्हात न्हाई. ह्यो बघा.”

त्यांनी उजवा हात पुढे केला. तो कापत होता. आम्हा सगळ्यांच्या देखत, लपवायचा काहीही प्रयत्न न करता त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

“बायकोला सुदीक सांगितलं न्हाई,” आप्पा म्हणाले. “बंदूक घ्यायची म्हणतोय. पर जुनी घ्यावी का नवी, कळंना. मला कुणीतरी सांगितलं की यातलं तुमच्याइतकं कुणालाच कळत न्हाई. म्हणून इचारायला आलोय.”

साहेब त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा बदलायला लागला. कपाळावरची आठी गेली, पाठ थोडी ताठ झाली, आणि कुठून तरी जुना अधिकाऱ्याचा आवाज परत आला.

“रिपोर्ट केलात?”

“केला साहेब.”

“वर्णन दिलंत? उंची, कपडे, गाडी?”

“दिलं साहेब.”

“बसा,” ते म्हणाले. आप्पा बसलेलेच होते, तरी त्यांनी “व्हय साहेब” म्हणून बूड जरा हलवलं. साहेब समोरच्या खुर्चीत बसले. “नवं घेऊ नका,” ते म्हणाले. “नव्याचा चाप जड असतो. घाबरलेल्या माणसाच्या हाताला जड चाप उपयोगाचा नाही, नेम हलतो. हे बघा.” आणि त्यांनी रिव्हॉल्व्हर फिरवून मूठ आप्पांच्या दिशेनं पुढे केली.

आप्पांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, देवळात तीर्थ घेतात तसं. नळीचं तोंड भिंतीच्या कोपऱ्याकडे वळवलं. चक्र बाहेर काढलं. भरलेलं होतं. “राव, हात करा,” ते मला म्हणाले आणि सगळी काडतुसं माझ्या ओंजळीत ओतली. गार आणि दिसतात त्यापेक्षा जड. मी मूठ मिटली ती किती तरी वेळ उघडली नाही. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी आप्पांच्या हाताकडे बघितलं. त्या क्षणी तो अजिबात हलत नव्हता.

इथं दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणून उठला असता. पण आप्पा शेवटी आप्पाच. चक्र पुन्हा पुन्हा बघून रिकामं असल्याची खात्री केली, बॅटरी मारून नळीतून बघितलं, भिंग लावलं. मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक रिव्हॉल्व्हरच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि चाप ओढला. खट्. पुन्हा ओढला. खट्. साहेब खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते, डॉक्टरांपुढे पोराला घेऊन आलेल्या बापासारखे.

“साहेब,” आप्पा डोळे उघडून म्हणाले, “मेनस्प्रिंग थकलीय.”

“अशक्य.”

“तुम्ही जपलंय म्हणून एवढी टिकली. पर आता आवाज बसलाय तिचा. ऐन येळी दगा देईल.”

साहेब अस्वस्थ झाले. “मग काय करायचं?”

“सर्व्हिसिंगला टाकायचं. आजच. तुमचं लायसन घ्या, तुमीच चला. मी संगं येतो.”

साहेब आत गेले आणि कोट, टाय घालून बाहेर आले. लायसनचं पुस्तक कोटाच्या आतल्या खिशात. टॅक्सीत मी पुढे बसले आणि ते दोघं मागे. रिकामं रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं वेगवेगळ्या डब्यांत घालून साहेबांच्या मांडीवर. वाटेत प्रत्येक सिग्नलला साहेब आप्पांना इथं पूर्वी काय होतं ते सांगत होते. सगळं बरोबर सांगत होते. फक्त दापोडीला एकदा त्यांनी हळूच विचारलं, “आपण कुठं निघालोय?” आप्पा म्हणाले, “स्प्रिंग बदलायला साहेब.” “हां, हां. बरोबर.”

दुकानदारानं आम्हा तिघांना बघितलं, डबे बघितले आणि एक अक्षर न विचारता रीतसर हत्यार ठेवून घेतल्याची पावती केली. साहेबांनी सही केली. काय सही होती! पेन एकदाही न उचलता.

“केव्हा मिळेल?” साहेबांनी विचारलं.

दुकानदार उत्तर द्यायच्या आत आप्पा म्हणाले, “स्प्रिंग इलायतेवरनं मागवायला लागंल. टाईम लागंल.”

दुकानदारानं आप्पांकडे बघितलं. “हो,” तो म्हणाला. “बराच.”

परत आलो तेव्हा काकू सोसायटीच्या गेटपाशी उभ्या होत्या. साहेबांचे रिकामे हात बघून त्या वॉचमनच्या स्टुलावर बसल्या. मग एकदम उठून म्हणाल्या, “मी तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही.”

स्कूटरवरून परत येताना मी मागे वळून विचारलं, “आप्पा, स्प्रिंग खरंच गेलीय?”

“ठणठणीत हाय राव,” ते म्हणाले. “आसलं लोखंड जल्मात बघितलं न्हाई.”

काकूंच्या मुलानं नंतर येऊन रीतसर परवानगी काढली आणि ते विकायचं ठरवलं. दुकानदाराचा आप्पांना फोन आला, पहिला हक्क तुमचा. ठणठणीत, विलायती, जपलेलं, पहिला मालक माहितीचा. आप्पांना याहून चांगली वस्तू जन्मात मिळणार नव्हती. त्यांनी दोन दिवस मागितले. त्या संध्याकाळी त्यांनी मामींना सगळं सांगितलं. साहेबांचं, काकूंचं, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हाताचंही. हे मला मामींनीच पुढे सांगितलं. मामी भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “हाताचं मला पयल्या दिसापासनं ठावं हाय. वाटीतली आमटी सांडत होती तुमची.” आणि तवा उतरवून म्हणाल्या, “जुनी आणा न्हाईतर नवी आणा. पर तुमी मला वळखायचं बंद झाल्यावर किल्ली कुणाच्या गळ्यात आसंल, तेवढं सांगा.”

आप्पांनी जुनंही घेतलं नाही आणि नवंही नाही. मुदत संपायच्या आत लायसन परत करायला आम्ही आयुक्तालयात गेलो. तिथल्या कारकुनाला हे पटेना. लोक लायसनसाठी चपला झिजवतात, आणि हा गृहस्थ मिळालेलं परत करतोय! “कारण काय लिहू?” त्यानं विचारलं.

“वस्तू पसंत पडली न्हाई, लिहा.”

वर्कशॉपला आप्पांनी लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं. बंद पडलेल्या एका पतपेढीचं. कॅमेरा मात्र कोरा घेतला. आप्पांना न विचारता मामींनी माझ्याकडून ऑनलाइन मागवला होता. खोकं फोडायला त्या चिखलीहून वर्कशॉपात आल्या, आणि तो लावून होईपर्यंत आप्पा त्याच्याकडे पाठ करून बसले. हात पुढेही कधी कधी कापायचा. पण आता तो खिशात जायचा नाही. “जरा थांबा राव, मशिन गरम होतंय,” असं म्हणून ते हात थांबायची वाट बघायचे, मग माप घ्यायचे.

आणि गुरुवारी ते चिंचवडला जायला लागले. साहेबांना स्प्रिंगची हकीगत सांगायला. साहेब बाकी सगळं विसरत होते, पण स्प्रिंग विसरत नव्हते. आप्पांनी आयुष्यात तपासणीच्या रिपोर्टवर एक खोटा आकडा लिहिला नव्हता. पण कधी मी बरोबर गेले की या स्प्रिंगच्या बाबतीत ते असं काही बोलायचे की मला चहा गिळणं अवघड व्हायचं. जहाज निघालंय. जहाज वाटेत थांबलंय. मुंबईला आलंय पण कस्टमवाला रजेवर आहे. एकदा तर स्प्रिंग आली, पण साईज चुकली म्हणून आप्पांनी बाणेदारपणे रिजेक्ट केली आणि साहेबांनी त्यांची पाठ थोपटली.

“आप्पा, किती खोटं बोलाल?” मी एकदा विचारलं.

“राव, आता ती स्प्रिंग एवढी जुनी झालीय की मला बी खरी वाटाय लागलीय.”

लग्न होऊन मी नाशिकला जाणार होते, त्याआधी एकदा काकूंना भेटायला म्हणून आप्पांबरोबर गेले. साहेब खूप थकले होते. पलंगाला उशी लावून बसवलेले. मला त्यांनी ओळखलं नाही. काकूंना ते ‘बाई’ म्हणत होते, काकूंनी त्याचीही सवय करून घेतली होती. आप्पा पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले.

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. “स्प्रिंग?”

“न्हाई आली साहेब,” आप्पा म्हणाले. त्या दिवशी जहाज नाही, कस्टम नाही, काही नाही.

मला वाटलं साहेब आता चिडतील. त्यांनी हात लांब करून आप्पांचा उजवा हात धरला आणि स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला.

“हरकत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही घाबरू नका. ती पोरं पुन्हा आली तर मला निरोप पाठवा. मी येतो.”

आप्पांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असे. मामींना, दुकानदाराला, कारकुनाला, साहेबांच्या रिव्हॉल्व्हरलासुद्धा. मी वाट बघत होते.

“व्हय साहेब,” ते म्हणाले.

काकूंनी चहा आणला. साहेबांनी हात सोडला नव्हता आणि आप्पांनी सोडवून घेतला नाही. त्यांनी डाव्या हातानं कप उचलला आणि थोडा बशीत, थोडा शर्टावर सांडत, सगळा चहा तसाच प्यायला.